‘गुड सिग्नेचर’ या दोन शब्दांचा नेमका अर्थ

२० फेब्रुवारी २०१६ रोजी ‘लिनक्स मिंट’ या लोकप्रिय संगणकप्रणालीच्या संकेतस्थळात एका हल्लेखोराने शिरकाव केला आणि ‘१७.३ सिनॅमन’ या आवृत्तीचा डाउनलोड दुवा बदलून टाकला. त्या दिवशी या दुव्यावरून प्रणाली डाउनलोड करणाऱ्यांना मूळ फाइलऐवजी बल्गेरियातील सर्व्हरवर ठेवलेली, आत चोरदरवाजा बसवलेली प्रत मिळत होती. पान नेहमीचे होते, फाइलचे नाव नेहमीचे होते आणि ती प्रणाली संगणकावर व्यवस्थित चालतही होती. खरी फाइल ओळखता यावी म्हणून तिच्याशेजारी ‘चेकसम’ हा आकडा छापण्याची पद्धत आहे. मात्र हल्लेखोराने पुढे एका तंत्रज्ञानविषयक वृत्तसंकेतस्थळाला सांगितल्यानुसार त्याने तो आकडाही बनावट फाइलशी जुळेल असा करून ठेवला होता. हे आकडे तपासतो तरी कोण, असा त्याचा एकूण सूर होता.

मिंटच्या संचालकांना हा प्रकार लवकर लक्षात आला आणि त्यांनी तो लगेच जाहीर केला. ज्या पानावरून फाइल घेतली, त्याच पानावरचा आकडा फाइलच्या खरेपणाचा पुरावा म्हणून चालत नाही, ही गोष्ट मात्र या घटनेने लख्खपणे समोर आणली. घराचे कुलूप फोडणाऱ्याला दारावरची पाटी बदलणे अवघड नसते. पाटी बदलली तरी बदलता येणार नाही अशी खूण हवी असेल, तर ती डिजिटल स्वाक्षरीतून मिळते. आणि अशी स्वाक्षरी तपासण्याचे सर्वाधिक रुळलेले साधन म्हणजे ‘ग्नू प्रायव्हसी गार्ड’, अर्थात ‘जीपीजी’. हे साधन टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून चालवावे लागते. कमांड अवघड नाही. अवघड आहे ते तिने दिलेले उत्तर वाचणे. ‘गुड सिग्नेचर’ हे शब्द दिसताच समाधान मानणारे पुष्कळ, आणि त्याखालचा इशारा पाहून सारे काही फसवे ठरवणारेही तितकेच.

हॅश आणि किल्ली

कोणतीही फाइल, मग ती चार ओळींचे पत्र असो वा दोन-तीन जीबीची संगणकप्रणाली, ‘शा-२५६’ या गणिती प्रक्रियेतून काढली की तिच्यापासून ६४ चिन्हांचा एक आकडा तयार होतो. त्याला हॅश म्हणतात. चेकसम म्हणून छापला जातो तो बहुधा हाच. फाइलमधील एक स्वल्पविराम बदलला तरी संपूर्ण हॅश बदलतो. आकड्यावरून फाइल परत घडवता येत नाही, आणि त्याच आकड्याची दुसरी फाइल बनवणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. जुन्या प्रक्रियांबाबत मात्र असे म्हणता येत नाही. ‘एमडी-५’ या प्रक्रियेत दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश निघू शकतो, हे २००४ मध्येच दाखवले गेले. ‘शा-१’बाबत फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची ‘सीडब्ल्यूआय’ ही संशोधनसंस्था आणि गूगल यांनी एकच हॅश असलेल्या दोन भिन्न पीडीएफ फाइली प्रसिद्ध केल्या. एखाद्या संकेतस्थळावर आजही केवळ एमडी-५ दिलेला असेल, तर डाउनलोड अर्धवट झाले नाही ना, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग समजावा.

हॅश कोणीही काढू शकतो, आणि त्याची दुबळी बाजूही तीच. स्वाक्षरीसाठी किल्ल्यांची जोडी लागते. त्यातील खासगी किल्ली मालकाजवळ गुप्त राहते आणि सार्वजनिक किल्ली सर्वांना वाटली जाते. मालक फाइलचा हॅश काढतो आणि त्यावर खासगी किल्लीने एक गणित करतो. त्या गणिताचे उत्तर म्हणजे स्वाक्षरी. सार्वजनिक किल्ली जवळ असलेल्या कोणालाही ही स्वाक्षरी त्याच फाइलवर, त्याच जोडीतील खासगी किल्लीने झाली आहे का, हे तपासता येते. स्वाक्षरी करता मात्र येत नाही. ही कल्पना व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. दुसऱ्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी तिला व्यवहारात आणणारी पद्धत शोधली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती ‘आरएसए’ म्हणून ओळखली जाते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला आणि त्यापायी काही वर्षे सरकारी चौकशीही सोसली. जर्मनीच्या वेर्नर कोख यांचे जीपीजी हे त्याच परंपरेतील मुक्त साधन असून त्याची १.० ही आवृत्ती १९९९ मध्ये आली.

बँकेच्या व्यवहाराशी याची तुलना करता येईल. धनादेश आला की कारकून त्यावरची सही खाते उघडताना घेतलेल्या नमुना सहीशी ताडून पाहतो. दोन्ही जुळल्या तर धनादेश पुढे सरकतो. मात्र नमुन्याचे कार्डच कोणी बदलून ठेवले असेल, तर सह्या तंतोतंत जुळूनही त्याला काही अर्थ नाही. सार्वजनिक किल्ली म्हणजे हे नमुन्याचे कार्ड. सही जुळते का, या प्रश्नाचे उत्तर जीपीजी चोख देते. कार्ड खरे आहे का, हा प्रश्न ते वापरणाऱ्याकडे परत पाठवते.

तीन कमांड

लिनक्सच्या बहुतेक प्रणालींत जीपीजी आधीपासून असते. विंडोजसाठी ‘जीपीजी-फोर-विन’ नावाचा संच विनामूल्य मिळतो. पुढील कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत.

मिंटचेच उदाहरण घेऊ. आज या प्रणालीच्या मुख्य फाइलसोबत ‘शा२५६सम.टीएक्सटी’ ही यादी आणि ‘शा२५६सम.टीएक्सटी.जीपीजी’ ही तिची स्वाक्षरी, अशा दोन छोट्या फाइली दिलेल्या असतात. स्वाक्षरी यादीवर आहे, प्रणालीच्या फाइलवर नाही, हे ध्यानात ठेवावे. तिन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून आणि प्रकल्पाची सार्वजनिक किल्ली मिळवून आधी ती किल्ली आपल्या संग्रहात घ्यायची:

जीपीजी --इम्पोर्ट किल्लीची-फाइल

मग यादीवरील स्वाक्षरी तपासायची:

जीपीजी --व्हेरिफाय शा२५६सम.टीएक्सटी.जीपीजी शा२५६सम.टीएक्सटी

येथे आधी स्वाक्षरीची फाइल आणि नंतर मूळ फाइल, हा क्रम पाळावा लागतो. स्वाक्षरीच्या फाइलचे शेपूट ‘एएससी’ किंवा ‘एसआयजी’ असे असेल, तर केवळ तिचे नाव दिले तरी जीपीजी शेपूट कापून मूळ फाइलचे नाव स्वतः ताडते आणि काम होऊन जाते. मात्र ही सवय वाईट आहे. स्वाक्षरीच्या नावाने मिळालेल्या फाइलमध्ये दुसराच एखादा स्वाक्षरीयुक्त मजकूर भरलेला असेल, तर जीपीजी तोच तपासून ‘गुड’ म्हणेल आणि शेजारी ठेवलेल्या मूळ फाइलकडे बघणारही नाही. दोन्ही नावे स्पष्टपणे द्यावीत, असे जीपीजीची माहितीपुस्तिकाच ठासून सांगते.

यानंतरची पायरी सर्वात जास्त वेळा गाळली जाते. यादी खरी ठरली म्हणजे प्रणालीची फाइल खरी ठरली असे नव्हे. त्या फाइलचा हॅश यादीतील हॅशशी जुळतो का, हे वेगळे पाहावे लागते:

शा२५६सम -सी --इग्नोअर-मिसिंग शा२५६सम.टीएक्सटी

यादीत इतर आवृत्त्यांचीही नावे असतात. त्यांच्या फाइली आपल्याकडे नाहीत याची तक्रार करू नये, एवढ्यासाठी ‘इग्नोअर-मिसिंग’. आपल्या फाइलच्या नावासमोर ‘ओके’ उमटले की साखळीचा दुसरा दुवाही पक्का झाला. विंडोजवर हा हॅश पॉवरशेलमधील ‘गेट-फाइलहॅश’ या कमांडने काढता येतो. यादीतील आकड्याशी तो मग डोळ्यांनी ताडून पाहावा लागतो.

यादीऐवजी थेट मूळ फाइलवरच स्वाक्षरी देणारे प्रकल्प पुष्कळ आहेत. तेथे स्वाक्षरीच्या फाइलचे शेपूट ‘एएससी’, ‘एसआयजी’ किंवा ‘साइन’ असे असते आणि तिसरी कमांड लागत नाही. लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची फाइल मात्र नवख्याला हमखास चकवते. ती ‘एक्सझेड’ पद्धतीने दाबून लहान केलेली असते, पण स्वाक्षरी केलेली असते ती दाबण्यापूर्वीच्या ‘टार’ फाइलवर. आधी ‘अनएक्सझेड’ने फाइल मोकळी न करता पडताळणी केली, तर उत्तर ‘बॅड सिग्नेचर’ असे येते आणि काही गैर नसताना धसका बसतो.

उत्तर कसे वाचावे

पडताळणीच्या कमांडला मुख्यतः तीन प्रकारची उत्तरे मिळतात. ‘कान्ट चेक सिग्नेचर: नो पब्लिक की’ याचा अर्थ नमुन्याचे कार्डच आपल्याकडे नाही. स्वाक्षरी बरोबर किंवा चूक आहे, असे यातून काहीही ठरत नाही. किल्ली मिळवून कमांड पुन्हा द्यायची. ‘बॅड सिग्नेचर’ म्हणजे ही स्वाक्षरी या फाइलची नाही. डाउनलोड मध्येच तुटणे, स्वाक्षरी एका आवृत्तीची आणि फाइल दुसऱ्या आवृत्तीची असणे, किंवा कर्नलसारखा घोटाळा, अशी निष्पाप कारणे यामागे असू शकतात. तरीही कारण सापडेपर्यंत ती फाइल उघडू नये. दुसऱ्या ठिकाणाहून फाइल पुन्हा घेऊनही तेच उत्तर आले, तर प्रकल्पाच्या चालकांना कळवणे योग्य.

तिसरे उत्तर ‘गुड सिग्नेचर फ्रॉम’, आणि पुढे नाव व ईमेल पत्ता. गफलत होते ती येथेच. ते नाव किल्ली बनवणाऱ्याने स्वतः टाइप केलेले असते. कोणाच्याही नावाने, कोणत्याही पत्त्याने किल्ली बनवण्यास काहीच अटकाव नाही. ओळखपत्र मागणारे कोणी नसते. त्यामुळे उत्तरातील नाव ही ओळख नव्हे, तो केवळ दावा आहे.

म्हणूनच त्या ओळीखाली बहुधा मोठ्या अक्षरांत ‘वॉर्निंग’ उमटते: ही किल्ली विश्वासार्ह स्वाक्षरीने प्रमाणित केलेली नाही आणि ती नावाच्या व्यक्तीचीच आहे असे दर्शवणारे काहीही नाही, अशा आशयाची दोन वाक्ये तेथे इंग्रजीत असतात. हा इशारा फाइलविषयी नाही, किल्लीविषयी आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर सही जुळली, पण हे कार्ड कोणी आणून ठेवले ते मला ठाऊक नाही, असे कारकून म्हणत आहे. जीपीजीच्या भाषेवर आजवर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती योग्यच आहे. ‘ट्रस्ट’सारखा रोजचा शब्द तांत्रिक अर्थाने वापरून या साधनाने सामान्य माणसाला विनाकारण गोंधळात टाकले आहे. पण या एका ठिकाणी ते जे सांगते, ते तंतोतंत खरे आहे.

इशाऱ्याखाली आणखी एक ओळ असते. ‘प्रायमरी की फिंगरप्रिंट’ असे म्हणून तेथे किल्लीचा ठसा दिलेला असतो. सध्या प्रचलित असलेल्या बहुतेक किल्ल्यांचा ठसा ४० चिन्हांचा असून तो चार-चारच्या गटांत छापला जातो. संपूर्ण उत्तरात माणसाने डोळे उघडे ठेवून वाचायचे ते हेच.

ठसा कोठून मिळवावा

आठ चिन्हांवर भागते, असा समज एके काळी सर्रास होता. ठशाची शेवटची आठ चिन्हे हीच किल्लीची ‘ओळख’ म्हणून पत्रांत, व्हिजिटिंग कार्डांवर छापली जात. आठ चिन्हांत मावणारे पर्याय सुमारे ४२९ कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, पण तेवढ्या किल्ल्या चाळून हवी ती आठ चिन्हे असलेली किल्ली घडवणे संगणकाला कठीण नाही. २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांच्या किल्लीशी शेवटची आठ चिन्हे जुळणारी बनावट किल्ली सार्वजनिक की-सर्व्हरवर आढळली. नावही अर्थातच त्यांचेच होते. तेव्हा ताडायचा तो पूर्ण ठसा, शेपटाची चार-आठ चिन्हे नव्हेत.

ठसा ताडायचा कशाशी, हा खरा प्रश्न. ज्या पानावरून फाइल घेतली त्याच पानावर छापलेल्या ठशाशी तो ताडला, तर मिंटच्या त्या दिवसाचीच पुनरावृत्ती होते. फाइल एका वाटेने आली असेल, तर ठसा दुसऱ्या वाटेने यायला हवा, आणि या दोन वाटा एकाच माणसाच्या ताब्यात नसाव्यात. प्रकल्पाच्या चालकांनी वेगळ्या संकेतस्थळावर दिलेला ठसा, जुन्या पुस्तकात किंवा मासिकात छापलेला ठसा, वर्षभरापूर्वी कोणीतरी जतन केलेली त्याच पानाची प्रत, तीच किल्ली पूर्वीपासून वापरणाऱ्या मित्राने दूरध्वनीवर वाचून दाखवलेला ठसा, अशा वाटा शोधाव्या लागतात. यातील एखादी खोटी असू शकेल, पण तीन वेगळ्या वाटांनी एकच ठसा येत असेल, तर तिन्ही एकाच वेळी बदलणे हल्लेखोराला फार जड जाते. संगणकावर आधीच डेबियन प्रणाली असेल, तर काम आणखी सोपे. तिच्या ‘डेबियन-कीरिंग’ या पॅकेजमधून प्रकल्पाच्या किल्ल्या मिळतात, आणि ते पॅकेज स्वतः आधीच्या विश्वासाच्या साखळीतून आलेले असते.

की-सर्व्हर ही अशी वाट नव्हे. तो किल्ल्यांचा सार्वजनिक फळा आहे आणि जुन्या पद्धतीच्या की-सर्व्हरांवर कोणीही काहीही लावू शकत असे. जून २०१९ मध्ये जीपीजीशी निगडित दोन जाणकारांच्या किल्ल्यांवर अज्ञात व्यक्तींनी हजारो निरर्थक स्वाक्षऱ्या चिकटवून त्या निरुपयोगी करून सोडल्या. त्याच महिन्यात सुरू झालेला ‘कीज.ओपनपीजीपी.ऑर्ग’ हा सर्व्हर ईमेल पत्त्याची खातरजमा केल्याशिवाय नाव दाखवत नाही. तरीही तेथून किल्ली घ्यावी आणि ठसा दुसरीकडे ताडावा, हाच क्रम योग्य.

पहिल्या भेटीत थोडी शंका उरतेच, हे मान्य करायला हवे. मात्र एकदा किल्ली संग्रहात आली की पुढच्या प्रत्येक आवृत्तीची पडताळणी त्याच किल्लीने करायची. ती दर वेळी नव्याने डाउनलोड करायची नाही. संकेतस्थळ उद्या कोणाच्या हाती पडले, तरी संग्रहातील किल्ली काही बदलत नाही. प्रकल्पाने किल्ली बदलल्याचे अचानक जाहीर केले, तर नव्या किल्लीवर जुन्या किल्लीची स्वाक्षरी आहे का, ते पाहावे. ठशाची खात्री पटल्यावर ‘जीपीजी --एलसाइन-की’ या कमांडने त्या किल्लीवर आपल्या किल्लीची स्थानिक मोहोर उमटवता येते आणि मग तो इशारा दिसेनासा होतो. त्यासाठी स्वतःची किल्ली आधी बनवलेली असावी लागते. ज्याला एवढा खटाटोप नको, त्याने इशारा दिसू द्यावा आणि ठसा दर वेळी वाचावा. सुरक्षिततेत फरक पडत नाही.

पडताळणी आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी मात्र एक खबरदारी घ्यायला हवी. संग्रहातील कोणत्याही किल्लीची स्वाक्षरी बरोबर असली, तरी जीपीजी यशाचाच संकेत परत करते. ती अपेक्षित प्रकल्पाची किल्ली आहे का, हे ते पाहत नाही. संग्रहात पन्नास किल्ल्या असतील, तर पन्नासपैकी कोणाचीही स्वाक्षरी चालून जाते. अशा कामासाठी ‘जीपीजीव्ही’ हे धाकटे साधन केवळ एकाच किल्लीच्या स्वतंत्र संग्रहासह वापरणे उत्तम.

स्वाक्षरी काय सांगत नाही

फाइलच्या नावावर स्वाक्षरी नसते, तिच्या आशयावर असते. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीची, उघड झालेल्या त्रुटींची आवृत्ती तिच्या खऱ्या स्वाक्षरीसह उचलून, दोन्हींना आजची नावे देऊन कोणी पुढे केली, तर जीपीजी ‘गुड सिग्नेचर’च म्हणेल, आणि त्यात खोटे काही नसेल. उत्तराच्या पहिल्या ओळीत स्वाक्षरीची तारीख दिलेली असते. या महिन्यात आलेल्या आवृत्तीवर दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसली, तर थांबून विचार करावा.

याहून मोठी मर्यादा २०२४ मध्ये जगाने पाहिली. ‘एक्सझेड’ ही फाइली दाबणारी छोटी प्रणाली लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर असते. ‘जिया टॅन’ हे नाव धारण करणाऱ्या कोणी दोन-अडीच वर्षे तिच्यासाठी इमानेइतबारे काम केले, प्रकल्पात विश्वासाचे स्थान मिळवले आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. त्या फाइलींवर स्वाक्षरी होती, ती अधिकृत सहचालकाच्या किल्लीची होती आणि पडताळणीत ती बिनचूक उतरत होती. हा प्रकार उघड झाला तो स्वाक्षरीमुळे नव्हे. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ यंत्रावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने चिकाटीने कारण शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केले. किल्लीचा मालक कोण, हे स्वाक्षरी सांगते; त्याच्या मनात काय आहे, हे नाही.

जीपीजी बोजड आहे, या तक्रारीतून काही सुटसुटीत पर्यायही पुढे आले आहेत. ओपनबीएसडी या प्रणालीने २०१४ मधील ५.५ या आवृत्तीपासून ‘सिग्निफाय’ हे लहानसे साधन वापरात आणले. त्याची सार्वजनिक किल्ली एका ओळीत मावते. ‘मिनीसाइन’ हे त्याच जातीचे. किल्ली खरी कशावरून, हा प्रश्न त्यांनाही चुकलेला नाही.

पीडीएफवरील स्वाक्षरी

भारतात सामान्य नागरिकाचा डिजिटल स्वाक्षरीशी संबंध येतो तो बहुधा पीडीएफमधून. ई-आधार, जमिनीचे उतारे, निरनिराळे दाखले अशा फाइलींवर अधिकाऱ्याचे नाव, तारीख आणि शेजारी पिवळे प्रश्नचिन्ह किंवा हिरवी खूण दिसते. येथील व्यवस्था जीपीजीपेक्षा वेगळी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक हे पद निर्माण झाले. नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र, त्याखाली परवानाधारक प्राधिकरणे आणि त्यांनी अधिकाऱ्यांना दिलेली प्रमाणपत्रे अशी ही वरून खाली येणारी उतरंड आहे. नमुन्याच्या कार्डाची हमी येथे शासनमान्य संस्था देते.

या स्वाक्षऱ्या तपासण्यासाठीही टर्मिनलवर चालणारे साधन आहे. लिनक्सवरील ‘पॉप्लर’ या संचातील ‘पीडीएफसिग’ या कमांडपुढे फाइलचे नाव दिले की स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव, वेळ आणि हॅशची पद्धत दिसते. त्याखाली ‘सिग्नेचर व्हॅलिडेशन’ आणि ‘सर्टिफिकेट व्हॅलिडेशन’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. पहिली सही जुळते का ते सांगते, दुसरी कार्डाविषयी बोलते. भारतीय दस्तऐवजांत पहिली ओळ ‘व्हॅलिड’ आणि दुसरी मात्र प्रमाणपत्र देणारा अनोळखी असल्याची, असे उत्तर बहुधा येते, कारण भारताचे मूळ प्रमाणपत्र त्या साधनाच्या विश्वासू यादीत आधीपासून नसते. ई-आधारवरील पिवळ्या प्रश्नचिन्हाचे कारणही हेच. ते पाहून दस्तऐवज बनावट ठरवणे चूक. नियंत्रकांच्या अधिकृत संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्र घेऊन ते यादीत भरले की ही शंका दूर होते. पण फाइल पाठवणाऱ्यानेच सोबत पाठवलेले प्रमाणपत्र कधीही भरू नये. ते नमुन्याचे कार्ड धनादेशासोबतच स्वीकारण्यासारखे होईल.

पीडीएफसिगच्या उत्तरात आणखी एक ओळ पाहावी. ‘टोटल डॉक्युमेंट साइन्ड’ असेल, तर स्वाक्षरी संपूर्ण फाइलवर आहे. त्याआधी ‘नॉट’ असेल, तर स्वाक्षरीनंतर फाइलमध्ये काही भर पडलेली आहे. ती दुसऱ्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी असू शकते किंवा घुसडलेला मजकूरही असू शकतो. जर्मनीतील बोखुम येथील रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशाच युक्त्या वापरून पीडीएफ दाखवणाऱ्या २२ पैकी २१ प्रोग्रामांना फसवून दाखवले; बदललेला मजकूर स्वाक्षरी वैध असल्याच्या खुणेसह पडद्यावर दिसत होता. ते प्रोग्राम पुढे सुधारले गेले, पण जुन्या आवृत्त्या आजही अनेक संगणकांवर आहेत.

कागदावर छापलेल्या हिरव्या खुणेला या सर्वांत काहीही स्थान नाही. स्वाक्षरी असते ती फाइलच्या आत, आकड्यांच्या रूपात; कागदावर उमटते ते केवळ चित्र, आणि चित्र कोणालाही काढता येते. स्क्रीनशॉटलाही हेच लागू. पीडीएफ उघडून ‘प्रिंट टू पीडीएफ’ केले, तर नवी फाइल हुबेहूब दिसते, पण तिच्यात स्वाक्षरी उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोहोचते आणि तिची स्वाक्षरी शाबूत राहते. फोटो म्हणून पाठवलेल्या दस्तऐवजाची राहत नाही. जमिनीचा किंवा शिक्षणाचा डिजिटल दस्तऐवज कोणी पुरावा म्हणून पुढे केला, तर छापील प्रत बाजूला ठेवून मूळ पीडीएफ मागावी आणि तीवर पीडीएफसिग चालवावे.